कौटुंबिक हिंसाचारावरचा पीजी डिप्लोमा: वर्षभर केल्यावर

निकाल लागून बरेच दिवस झाले. सगळे विषय सुटले, फीचा शेवटचा हप्ताही गेला, तरी पोर्टलवर माझ्या नावापुढे 'क्षेत्रकार्य अपूर्ण' असा शेरा आहे. त्यामुळे प्रमाणपत्र नाही. 'हा कोर्स करू का' म्हणून विचारणाऱ्या समुपदेशक मैत्रिणींना एकेकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. सत्रं, क्रेडिट, विषयांची नावं माहितीपत्रकात आहेतच.

आधी भांडणाचं सांगते. नोकरी करणाऱ्यांना स्वतःच्या कामाच्या ठिकाणी क्षेत्रकार्य करता येईल, असं माहितीपत्रकात स्वच्छ छापलं होतं. मी तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारातल्या समुपदेशन केंद्रात काम करते. बाईचं म्हणणं ऐकून घेणं, डीआयआरसाठी (घरगुती हिंसेच्या घटनेचा अधिकृत अहवाल) संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा, कोर्टाच्या तारखा, सासरी गृहभेट, सगळं रोजचंच. तासांची वही नेमाने भरली, दर महिन्याला सही घेतली. वर्ष संपताना उत्तर आलं की सही करणाऱ्या सुपरवायझर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर, नाहीत, म्हणून तास धरता येणार नाहीत. आमच्या ताई वकील आहेत. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा यायच्या आधीपासून त्या बायकांबरोबर ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढताहेत. ही अट प्रवेशाच्या वेळी कुठेही लिहिलेली नव्हती. मदतकक्षाकडून दर वेळी नव्या माणसाचं तेच उत्तर येतं, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' त्यांनी काढलेला मार्ग असा: जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या संस्थेत पुन्हा तास भरा, विनावेतन. रजा घेतली की माझं मानधन कापलं जातं. फीच मुळात माझ्या तीन महिन्यांच्या मानधनाइतकी होती, वर हा भुर्दंड. याचा मला मनापासून राग आहे.

एवढं होऊनही कोर्स घेऊ नका असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण दुसऱ्या सत्रातला एक छोटासा घटक आहे. धोक्याचं मूल्यमापन या विषयात तो येतो, जेमतेम दोन आठवड्यांचा, आणि परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न. विषय एकच: नवऱ्याने गळा दाबला होता का, हे विचारणं.

आपल्या केंद्रांच्या नोंदवह्यांत हा रकाना नसतो. मारहाण, शिवीगाळ, पैशांची मागणी, दारू, संशय, एवढ्यावर नोंद संपते. कायद्याच्या २००६ च्या नियमांमधला फॉर्म चार काढून बघा, तोच जो आपण बाईला तिचे हक्क सांगताना वाचून दाखवतो. शारीरिक हिंसेच्या उदाहरणांत मारणं, थप्पड, चावा, लाथ, ठोसा, ढकलणं, धक्काबुक्की हे सगळं आहे. गळा दाबणं नावानिशी नाही. ते जातं शेवटच्या ओळीत, 'अन्य कोणत्याही प्रकारे वेदना किंवा इजा' याच्या पोटात. जे सगळ्यात आधी विचारायला हवं, ते यादीत अन्य प्रकारांत ढकललेलं आहे.

सगळ्यात आधी का, ते या घटकात नीट उलगडून सांगितलं. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जोडीदाराने आधी कधी गळा आवळला असेल, तर त्या बाईचा पुढे खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त असतो. सॅन डिएगोमध्ये पोलिसांपर्यंत आलेली अशी ३०० प्रकरणं तपासली गेली, तो अहवाल २००१ चा. त्यातल्या निम्म्या प्रकरणांत गळ्यावर डोळ्यांना दिसेल अशी एकही खूण नव्हती. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसले. आपल्याकडे ठाण्यात पहिला प्रश्न काय असतो? 'कुठं लागलंय, दाखवा.' खूण नाही म्हणजे काही झालंच नाही, असं धरून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहिली जाते आणि बाई घरी जाते.

मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. बाईला मधलं आठवत नाही. ती घटना तुटक, मागेपुढे सांगते, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं ही खोटं बोलतेय. आवाज बसणं, घास गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, त्या वेळी कपड्यांत लघवी होणं, ही लक्षणं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. शेवटचं तर लाजेपायी कधीच नाही. मानेच्या आतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं.

आणि विचारायचं कसं, यावर शिकवणाऱ्या बाईंनी अख्खा एक तास घेतला. 'गळा दाबला का' असं थेट विचारलं की पुष्कळ जणी नाही म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबी ती मारहाणच नसते. 'मारलं नाही हो, नुसतं धरलं होतं.' मग विचारायचं, मानेला हात लावला होता का, भिंतीला दाबून धरलं होतं का, ओढणीने किंवा पदराने आवळलं का, छातीवर बसला होता का, श्वास कोंडला का, डोळ्यांपुढे अंधारी आली का. आमच्या केंद्रात आता हा रकाना हाताने आखून घेतलाय. गेल्या काही महिन्यांत ज्या बायका 'किरकोळ भांडण' म्हणून आमच्याकडे पाठवल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी जणींनी या प्रश्नांवर मान हलवली. त्यांतली एक तर मोबाईल फोडल्याची तक्रार घेऊन आली होती. नवऱ्याने काय केलं ते सांगताना तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला आणि तिथंच थांबला. तिला आम्ही घरी पाठवलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ साली गळा आवळणं हा वेगळा गुन्हा केला, इंग्लंड-वेल्सने २०२१ च्या कायद्यात. आपल्या भारतीय न्याय संहितेत तसं वेगळं कलम नाही. साधी दुखापत म्हणून ११५(२) लागलं तर प्रकरण अदखलपात्र, आणि १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न लावायला अधिकारी सहजी तयार होत नाहीत. म्हणून कागद महत्त्वाचा. डीआयआरमध्ये 'मारहाण केली' एवढ्यावर न थांबता कोणत्या हाताने धरलं, किती वेळ, तो काय बोलत होता, नंतर आवाज कसा झाला, हे तिच्या शब्दांत लिहायचं. दवाखान्याच्या केसपेपरवरही तेच आलं पाहिजे. डीआयआर नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. उलट डीआयआर झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने फॉर्म एक, म्हणजे डीआयआरचाच नमुना, भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. २००६ च्या त्याच नियमांतल्या नियम १७ ची झेरॉक्स मी आता पर्समध्येच ठेवते.

बाकीच्या कोर्सबद्दल माझं मत मधेच बदललं. पहिल्या सत्रातली थिअरी मला नकोशी झाली होती. त्यात डुलुथचं चक्र आहे, नवरा बायकोवर सत्ता आणि ताबा कसा ठेवतो ते चाकाच्या आकृतीत दाखवणारं, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या त्या गावात १९८० च्या दशकात मार खाल्लेल्या बायकांशी बोलून बनवलेलं. मध्यभागी एक पुरुष आणि त्याची सत्ता. आपल्या घरांत सासू असते, दीर असतो, नणंद माहेरी आलेली असते, किल्ल्या एकीकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे. हे आपल्याला काय कामाचं, असं मी अभिप्रायात लिहून दिलं होतं. पण नंतरच्या असाइनमेंटमध्ये तेच चक्र आपापल्या भागातल्या केसेसवरून पुन्हा काढायला लावलं. मी आऱ्यांच्या जागी रेशनकार्ड, एटीएम कार्ड, माहेरचा फोन, मुलाची शाळा, शेतावरची मजुरी कुणाच्या हातात जाते, हे भरत गेले. मारहाण त्या चक्रात बाहेरच्या कडेला आहे. आतल्या गोष्टी रोज चालतात, कडेची कधीमधी, आणि तिच्या धाकावर आतलं सगळं टिकतं. हे कागदावर पाहिल्यावर मला त्या चक्राची किंमत कळली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हरसोरा प्रकरणात प्रतिवादीच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो त्याच्या, व्याख्येतला 'प्रौढ पुरुष' हा भाग काढून टाकला, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो याबद्दल शंका उरली नाही. म्हणजे आपलं चक्र आपल्या कायद्यात बसतं. २००५ च्या कायद्याने आर्थिक छळाला नाव दिलं, याचा मला अभिमान वाटतो.

कायद्याच्या घटकातली एक गोष्ट प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावावी अशी आहे. नियम १४ प्रमाणे कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचं समर्थन करूच द्यायचं नसतं, आणि हे त्याला बैठकीच्या आधी सांगायचं असतं. 'तिनं उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला' हे वाक्य तिथं ऐकून घ्यायचंच नाही. गावकीच्या बैठकीत तर पहिला अर्धा तास याच वाक्यावर जातो.

शनिवारची सुपरव्हिजन चांगली. पोर्टल वाईट, रेकॉर्डिंग मोबाईलवर अडकतं, लायब्ररीचं लॉगिन मला वर्षभर चाललं नाही. बायकांच्या कथा ऐकून समुपदेशकाला येणारा थकवा, यावर एकच व्याख्यान, तेही घाईत उरकलेलं. फील्डमधल्या लोकांसाठी कोर्स म्हणवता तर हे चालणार नाही, असं मी लेखी कळवलं आहे.

पैशांचं विचाराल तर मानधन यामुळे वाढलेलं नाही आणि वाढेल असं कुणी सांगितलेलंही नाही. नवीन एमएसडब्ल्यू झालेल्या मुलींनी आधी दोन-तीन वर्षं केंद्रात काढावीत, मग यावं. केसेस डोक्यात असल्याशिवाय यातलं फारसं हाताला लागत नाही. पाच-दहा वर्षं काम केलेल्यांनी जरूर घ्यावा. ज्यांना फी झेपणार नाही त्यांनी निदान वर लिहिलेले प्रश्न आपल्या नोंदवहीत आजच लिहून घ्यावेत. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रवेश घेणार असाल तर फी भरण्याआधी सुपरवायझरच्या पात्रतेबद्दल लेखी उत्तर मागा, फोनवरचं धरू नका. मी कुलसचिवांकडे अर्ज दिला आहे, माहितीपत्रकाचं ते पान आणि तासांच्या वहीची झेरॉक्स जोडून. गळ्याबद्दलचा घटक पहिल्या सत्रात घ्यावा आणि त्याला पूर्ण विषयाचा दर्जा द्यावा, अशी मागणीही त्याच अर्जात आहे. उत्तर आलं की कळवते.