मुलांना डच तंत्रविद्यापीठ दाखवायचंय: डेल्फ्ट की आइंडहोव्हन?

मूल सहा ते दहा वर्षांचं असेल तर आधी डेल्फ्ट. कारण साधं आहे: प्रयोगशाळा बंद असल्या तरी तिथे पाहण्यासारखं, चढण्यासारखं पुष्कळ आहे. ग्रंथालयाचं छत म्हणजे गवताचा मोठा उतार, आणि त्यातून वर आलेला शंकू. मुलं त्या उतारावर खुशाल चढतात. पावसानंतर मात्र गवत निसरडं होतं, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. शेजारी १९६६ चं आउला सभागृह आहे, उडत्या तबकडीसारखं दिसणारं. शहराच्या बाजूला १९१७ पासूनची वनस्पतीबाग आहे. तंत्रज्ञानाला उपयोगी पिकं अभ्यासायला ती उभारली गेली. त्यामुळे मुलांना विचारा: रबर, दोर, रंग कुठल्या झाडातून येतात? बागेला तिकीट आहे, वेळा आधी बघा.

आइंडहोव्हनचा मोठा फायदा अंतराचा. स्टेशनच्या उत्तर दाराने बाहेर पडलं की विद्यापीठ पाच-दहा मिनिटांवर. डेल्फ्ट स्टेशनपासून ग्रंथालयापर्यंत मात्र लहान पावलांना अर्धा तास धरा. पण आइंडहोव्हनची खरी गंमत इमारतींच्या आत आहे: तिथल्या संघाचे यंत्रमानव फुटबॉल खेळतात. एका बाजूला पाच, रिमोट नाही, निर्णय त्यांचे तेच घेतात. या संघाने रोबोकपचं, म्हणजे यंत्रमानवांच्या स्पर्धेचं, जगज्जेतेपद अनेकदा जिंकलंय. ते बघायचं तर संघाला आधी लिहावं लागतं. नुसतं जाऊन उभं राहिलं तर बहुधा कुलूपच दिसतं. अकरा वर्षांपुढच्या, कोडिंग करणाऱ्या मुलासाठी ही खटपट नक्की करावी.

दोन्ही विद्यापीठांतला फरक मुलाला समजवायला सौरगाड्या सर्वात चांगल्या. त्यांची शर्यत ऑस्ट्रेलियात होते: डार्विन ते अॅडलेड, सुमारे ३,००० किमी. डेल्फ्टच्या नुनाने २००५ मध्ये तिथे ताशी सरासरी १०३ किमीच्या आसपास वेग गाठला. आत एकटा चालक. आइंडहोव्हनच्या स्टेलाने २०१३ मध्ये क्रूझर गट, म्हणजे एकाहून जास्त जण बसणाऱ्या गाड्यांचा गट, जिंकला. तिच्यात चौघं बसू शकतात. ऊन तेच, रस्ता तोच, पण एकाने विचारलं ‘किती वेगात?’ आणि दुसऱ्याने ‘किती जण?’. जाण्याआधी मुलाला दोन्ही गाड्यांची चित्रं काढायला लावा.

आणखी एक तयारी: पुठ्ठ्याची १०×१०×३० सेंमीची पेटी करा. डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला डेल्फी-सी३ उपग्रह एवढाच होता, आणि तो २८ एप्रिल २००८ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने उडाला. भारतीय घरातल्या मुलाला हा धागा लगेच भिडतो.

तिसरं तंत्रविद्यापीठ ट्वेंटे, एन्स्केडे शहराजवळ, अॅमस्टरडॅमहून सुमारे दोन तास. हिरवागार परिसर, तळ्यात बुडाल्यासारखा चर्चचा मनोरा. सायकली घेऊन पूर्ण दिवस असेल तरच.

तारीख ठरलेली नसेल तर ऑक्टोबरचा विज्ञान-वीकेंड धरा. एरवी बंद असलेली दारं तेव्हा उघडतात. कार्यक्रम बहुतेक डचमध्ये असतात, म्हणून नोंदणी करतानाच भाषा विचारून घ्या.