सॅन होजेहून एलएला गाडीने: १०१ की आय-५?

आईबाबा इंडियाहून आलेत, लाँग वीकेंड आहे, एलएला (लॉस एंजेलिसला) न्यायचंय, मग कॅलिफोर्नियातल्या १०१ आणि आय-५ या दोन हायवेंपैकी कुठला घ्यायचा हे दर समरला कोणीतरी विचारतंच. सॅन होजेहून निघालात तर गिलरॉयपर्यंत १०१च आहे, त्यामुळे तिथपर्यंत भांडण नाही. गिलरॉय लसणासाठी प्रसिद्ध, तो वास यायला लागला की ठरवा, सरळ जायचं की हायवे १५२ पकडून पचेको पास ही खिंड ओलांडून आय-५ला लागायचं.

आय-५ने साधारण ३४० मैल, ट्रॅफिक नसेल तर साडेपाच तास. मर्सेड, फ्रेस्नो, किंग्ज, कर्न अशा काउंट्या (जिल्हे) लागतात पण नावांवर जाऊ नका, फ्रेस्नो शहर बरंच लांब राहतं, बेकर्सफील्डही बाजूलाच, ती शहरं हायवे ९९वर आहेत. इथे बदामाच्या बागा, कालवा आणि ट्रक, बस. बऱ्याच ठिकाणी एका बाजूला दोनच लेन, एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करायला निघाला की मागे सगळे ताशी ७० मैलांवरून ५५वर. कोलिंगाजवळ गुरांचा वास येतो, काचा आधीच वर करा. एकटे असाल, रात्री निघणार असाल तर डोळे झाकून हाच घ्या (म्हणजे, उघडे ठेवून).

१०१ला तास-दीड तास जास्त धरा. सलिनास ते किंग सिटी नुसती भाजीची शेतं, तो पट्टा कंटाळवाणाच आहे, पण पासो रोबल्सपासून द्राक्षमळे सुरू होतात, सॅन लुईस ओबिस्पोला जेवण, पिस्मोला समुद्र दिसतो, मग रस्ता परत आत वळतो आणि गव्हिओटाच्या खिंडीतून उतरलं की सांता बार्बरा, व्हेंचुरापर्यंत बराच वेळ समुद्र अगदी खिडकीशी. आणि मुख्य म्हणजे रस्ता गावागावातून जातो, त्यामुळे बाबांना रेस्टरूम हवी, आईला चहा हवा, कुठेही थांबता येतं. कॅलाबासासला एक्झिट घेऊन मालिबूचं व्यंकटेश्वराचं मंदिरही होतं, आईसाठी तेवढं एक कारण पुरे. फक्त शुक्रवारी संध्याकाळी एलएत शिरू नका.

बिग सूरचा, समुद्राकाठच्या डोंगरातून जाणारा हायवे १ मी या तुलनेत धरतच नाही. आंबेनळी घाटासारखी वळणं, तीही तासन्‌तास, ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल. शिवाय दरडी, २०१७ला मड क्रीकला कोसळली तेव्हा तो भाग वर्षभराहून जास्त बंद होता.

माझं मत, जाताना १०१, येताना आय-५, कारण परतताना सगळे झोपलेलेच असतात. थंडीत मात्र निघायच्या आधी कॅलट्रान्सचा (राज्याच्या रस्ते खात्याचा) क्विकमॅप हा रस्त्यांचा ऑनलाइन नकाशा बघा, आय-५वरचा, एलएच्या उत्तरेचा ग्रेपव्हाइनचा घाट ४,००० फुटांच्या वर जातो आणि बर्फ पडला की आय-५ बंद करतात. तसं झालं तर मुकाट्याने १०१नेच परत या, गव्हिओटाचा बोगदा तरी बघायला मिळेल, तो फक्त नॉर्थला येणाऱ्या लेनवर आहे.