स्टेअरिंगचा कुर्र-टंग आवाज: जम्पर (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) माउंटिंग बदलून 8 महिने झाले, सविस्तर अनुभव

गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. मी अमळनेरला राहतो, नोकरी धुळ्याला, म्हणजे दिवसाला 70-75 किमी रनिंग आणि सुट्टीच्या दिवशी शेतातला काळ्या मातीचा रस्ता, त्यामुळे खालच्या पार्टला आराम असा नाहीच.

मागच्या पावसाळ्यात आवाज सुरू झाला. गाडी पार्क करताना स्टेअरिंग वळवलं की आधी कुर्रर्र आणि मग एकदम टंग, जशी पत्र्याच्या डब्यावर तार सुटावी. रस्त्यावर स्पीडमधे काहीच नाही. एका गॅरेजमधे सांगितलं स्टेअरिंग ऑइल बदला, आता या गाडीला इलेक्ट्रिक स्टेअरिंग आहे, त्यात ऑइलच नसतं, तिथून तसाच परत आलो. दुसऱ्याने एक्सल (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) गेला म्हणून तो बदलून टाकला, 3,800 रुपये गेले आणि आवाज जसाच्या तसा. याचं मला खरंच वाईट वाटलं कारण जुन्या एक्सलचं रबर बूट कुठेच फाटलेलं नव्हतं, ग्रीस बाहेर उडालेलं नव्हतं, हे मी स्वतः बघायला पाहिजे होतं. बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाकडचा सांधा, गेला असेल तर गाडी पुढे जात असताना, फुल वळवून रेस दिली की टक-टक-टक येतं आणि स्पीडबरोबर ते वाढतं. उभ्या गाडीत नुसतं स्टेअरिंग फिरवून ते येत नाही.

शेवटी पारोळ्याचे एक वयस्कर मिस्त्री भेटले. ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "भाऊ, हाऊ आवाज एक्सलना नही शे" (हा आवाज एक्सलचा नाही). पुतण्याला स्टेअरिंगवर बसवलं, गाडी न्यूट्रलमधे, हँडब्रेक ओढलेला, आणि माझा हात टायरच्या वरून आत घालून जम्परवरच्या स्प्रिंगवर ठेवायला लावला. पुतण्याने हळूहळू वळवलं तशी स्प्रिंग हाताखाली पिळत गेली, फिरायला पाहिजे ती फिरत नव्हती, आणि मग एकदम झटका देऊन सुटली, टंग! आवाज कानाला यायच्या आधी हाताला कळला. जम्परचं वरचं टोक बॉडीला धरणाऱ्या माउंटिंगची बेअरिंग जाम झाली की असं होतं, जम्पर वर मोकळा फिरत नाही. काढलेली बेअरिंग तळहातावर फिरवली तर आत रेतीचे दाणे लागत होते आणि विटकरी रंगाची भुकटी खाली पडली.

दोन्ही बाजूच्या माउंटिंग आणि बेअरिंग बदलल्या, मजुरी धरून 2,900. एकच बाजू बदलू नका, दुसरी तेवढीच चाललेली असते. काम झाल्यावर अलाइनमेंट केलीच पाहिजे.

आता 8 महिन्यांचं सांगतो. साधारण 14,000 किमी झाले. थंडीत पहाटे काढली तरी गप्प, मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असायची तरी गप्प. स्टेअरिंग वळण घेतल्यावर आपोआप सरळ यायला लागलं हा फायदा मला माहीतच नव्हता, आधी ते हाताने ओढून आणावं लागायचं आणि मी समजत होतो की या गाडीचं असंच असतं. जूनमधे एकदा कुरकुर आली तेव्हा धडकी भरली, पण मिस्त्रींनी फोनवर सांगितलं की लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशवर पाणी मारून बघा, थोडा वेळ आवाज बंद झाला तर बुशच आहे. बंद झाला. बुश वाळलेलं निघालं, बदललं.

बाकी आवाजांचं थोडक्यात: हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) स्टेअरिंगवाल्या गाडीत वळवताना कुंईई आलं तर आधी ऑइलची लेव्हल बघा, स्टेअरिंग फुल लॉकवर, म्हणजे एका बाजूला शेवटपर्यंत वळवून, धरून ठेवू नका. खड्ड्यात खट्ट आणि स्टेअरिंगमधे ढिलेपणा असेल तर टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट (चाकाला स्टेअरिंगशी आणि लोअर आर्मशी जोडणारे सांधे), हे मात्र दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका, बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं. स्टेअरिंगच्या आत कागद घासल्यासारखं वाजत असेल तर घरी उघडू नका, तिथे एअरबॅग असते.

सध्या एकच गोष्ट लक्षात आलीये, 60 च्या वर डावीकडच्या लांब वळणावर उजव्या पुढच्या चाकातून बारीक हूंऽऽ येतं आणि गाडी सरळ झाली की कमी होतं. वजन उजवीकडे गेल्यावर वाढतंय म्हणजे मला व्हील बेअरिंगची शंका आहे. रविवारी जॅक आणि घोडी (उचललेली गाडी पेलणारा स्टँड) लावून चाक हाताने फिरवून बघणार, तोवर पार्ट घेत नाही.