जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि आईचा डावा कोपरा: सहा महिन्यांनंतर

आमचा लॅपटॉप २०१६ चा. १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ने याला दारातूनच परत पाठवलं. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही यादीत बसत नाही. मग एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून घेतली आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चढवली, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवाली.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. पूर्वी लॅपटॉप सुरू करून चहा टाकायचे, आता टाकता येत नाही, इतकंच.

खरी परीक्षा आईची होती. तिचा हात कायम पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जातो. मिंटचा मेन्यू नेमका तिथेच असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस तिला काही बदललंय हेच कळलं नाही. "अगं, चित्र का बदललंस मागचं?" एवढीच तक्रार. महिला मंडळाचं इतिवृत्त ती इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीत, टाइप करते. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडली आणि 'पायऱ्यांची दुरुस्ती' मधला ऱ्या तिने न बघता काढला: शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना. मोबाइलवर याच ऱ्यासाठी तिची चिडचिड होते.

मला मात्र यातून एक खोड लागली. कुठलीही स्क्रीन दिसली की आधी बघायचं, हवी ती गोष्ट रोज एकाच जागी असते का? ठाणे स्टेशनचा इंडिकेटर या परीक्षेत पहिला. गाडी कुठली, वेळ काय, एस (स्लो) की एफ (फास्ट), डबे बारा की पंधरा. जिना उतरता उतरता, धक्के खात, एका नजरेत. आमच्या सोसायटीचं ॲप साफ नापास. पाणी कधी येणार हे बघायला चार पडदे ओलांडायचे, त्यात एक जाहिरात, आणि दर अपडेटला 'सूचना' चं बटण नव्या घरी राहायला गेलेलं. सगळे अजून वॉचमनच्या केबिनबाहेरचा फळाच वाचतात.

गेमवाल्यांना हे बरं कळतं. डेड स्पेस या भीतीच्या गेममध्ये (२००८) नायकाचा जीव किती उरलाय ते त्याच्या पाठीच्या कण्यावरच्या दिव्यांवर दिसतं, कोपऱ्यात आकडे नाहीत. असले खेळ मला झेपत नाहीत, मी स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळते. लिनक्सवर थेट चालतो. तारीख, हवामान, घड्याळ, पैसे वर उजवीकडे, पात्राच्या अंगात उरलेला दम खाली उजवीकडे. फक्त आपलं पात्र पडद्याच्या तळाशी गेलं की अवजारांची पट्टी उडी मारून वर जाते. सेटिंगमध्ये ती जागेवर बांधून ठेवता येते. मी पहिल्याच आठवड्यात बांधली.

त्यातला सकाळी सहा ते रात्री दोनचा दिवस साधारण चौदा मिनिटांत संपतो, म्हणजे डाळीचा कुकर लावून बसलं की एक दिवस होतो. पण गेम सेव्ह होतो तो पात्र झोपल्यावरच. मार्चमध्ये एका संध्याकाळी सगळी फुलकोबी काढून घराकडे निघाले होते, दारापाशी पोचले आणि लाइट गेली. आमची बॅटरी तेव्हा नावापुरतीच होती. पडदा काळा. परत चालू केलं तर फुलकोबी शेतातच, आणि स्वयंपाकघरातून आई विचारतेय, "शिट्ट्या किती झाल्या?" मी एकही मोजली नव्हती.

कुरकुरी आहेत. प्रिंटर लावल्या लावल्या चालला, पण त्याचा स्कॅनर मिंटला अजून सापडलेला नाही, कागदाचा फोटो मोबाइलनेच काढते. झाकण मिटून उघडलं की कधीकधी वायफाय गायब, मग रीस्टार्ट. मागच्या महिन्यात मी नको ते पॅकेज काढून बसले आणि डेस्कटॉपच येईना. टाइमशिफ्टची (सिस्टीमच्या प्रती जपून ठेवणारा प्रोग्राम) आदल्या दिवशीची प्रत होती, दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी. ते सुरुवातीलाच चालू करून ठेवा. रोज एक्सेलच्या मॅक्रोंवर काम असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका, मी ऑफिसचं काम ऑफिसच्याच मशीनवर करते.

विंडोजकडे परत जाणार नाही. बॅटरी मात्र या पगाराला बदलायची आहे.