अवकाशावर सरकारी पहारा: रडारचं टेबल, इशाऱ्याचं टेबल की परवान्याचं?

चार छोटे उपग्रह. लांबी-रुंदी १० सेंटीमीटर, जाडी जेमतेम २.५. स्वार्म टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने त्यांच्यासाठी परवाना मागितला आणि डिसेंबर २०१७ मध्ये रेडिओलहरींचे परवाने देणाऱ्या तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने तो नाकारला. एवढी चपटी वस्तू जमिनीवरच्या रडारांना भरवशाने दिसेल का, ही शंका होती. तरीही १२ जानेवारी २०१८ रोजी ते चारही उपग्रह इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून कक्षेत गेले. वर्ष संपता संपता कंपनीला ९,००,००० डॉलर दंड झाला.

हे प्रकरण सुरुवातीलाच सांगण्याचं कारण असं, की ‘अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणारी सरकारी नोकरी’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या पडद्यांची एकच खोली येते. प्रत्यक्षात ही तीन वेगळी कामं आहेत, बहुतेक ठिकाणी तीन वेगळ्या खात्यांत. एक टेबल वस्तू शोधतं, दुसरं ती कुणाच्या वाटेत येते का ते सांगतं, आणि तिसरं ती वर जावी की नाही हे ठरवतं. तुम्ही यांपैकी कुठे अर्ज करावा, यावर मला मोकळेपणाने लिहायचं आहे. शिक्षण जवळजवळ सारखं असूनही ही तीन आयुष्यं फार वेगळी आहेत.

रडारचं टेबल

हे काम बऱ्याच देशांत लष्कराकडे असतं. सर्वांत मोठी वस्तुसूची अमेरिकेच्या स्पेस फोर्सची. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरची १८ वी स्पेस डिफेन्स स्क्वाड्रन ती सांभाळते. आज जगभरात मिळून सुमारे ४०,००० वस्तूंचा माग ठेवला जातो. त्यातले चालू उपग्रह निम्म्याहून कमी. उरलेले मेलेले उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे आणि तुकडे.

बाहेरून लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे यातली कुठलीही वस्तू सतत दिसत नसते. खालच्या कक्षेतली वस्तू सेकंदाला साधारण ७.५ किलोमीटर वेगाने जाते. एखाद्या रडारच्या टप्प्यात ती काही मिनिटं येते आणि जाते. त्या झलकांवरून कक्षा बांधायची, पुढची झलक कुठे मिळेल ते सांगायचं, आणि ती तिथे मिळाली नाही तर का नाही हे शोधायचं. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर पट्ट्यासाठी, म्हणजे जिथले उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतात त्यासाठी, मुख्यतः दुर्बिणी वापरतात, आणि दुर्बिणीला रात्र व निरभ्र आकाश लागतं. रडारला दोन्हींची गरज नाही. म्हणून तुमची पाळी कशी असेल हे पुष्कळसं तुमच्या वाट्याला कुठलं उपकरण येतं यावर ठरतं.

साध्या दिवशी काम संथ असतं. मग एखादा दिवस उजाडतो आणि सगळं बदलून जातं. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने आपलाच जुना उपग्रह कॉसमॉस-१४०८ क्षेपणास्त्राने फोडला. माग काढण्याजोगे १,५०० हून अधिक तुकडे झाले, आणि अंतराळ स्थानकातल्या प्रवाशांना आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला. असे तुकडे आधी नुसते अनोळखी ठिपके म्हणून दिसतात. कुठला ठिपका कालच्या कुठल्या ठिपक्याशी जुळतो हे लावत बसायला आठवडे, कधी महिने लागतात. सूर्यावरच्या वादळांचाही असाच तडाखा बसतो. वरचं वातावरण तापून फुगतं, खालच्या कक्षांतल्या वस्तूंना जास्त घर्षण लागतं, आणि कालच्या कक्षा आज चुकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीने नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ अशाच वादळात गमवावे लागले.

तोटा एकच, पण मोठा: मौन. इथे नागरिकत्वाची अट असते, पार्श्वभूमीची कसून चौकशी होते, आणि जे दिसलं ते घरी सांगता येत नाही. शोधनिबंध लिहिण्याची आवड असेल तर हे मौन वर्षानुवर्षं टोचत राहील. गणवेशात असाल तर हातात काम बसतं न बसतं तोच बदली होते. पण विदा (डेटा) किती कच्ची, किती मळलेली असते हे इथे जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठेही कळत नाही.

इशाऱ्याचं टेबल

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, चालू असलेला इरिडियम-३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ एकमेकांवर आदळले. दोन्ही सूचीत होते. कुठे आहेत हे माहीत असूनही वेळेवर कुणी कुणाला काही सांगितलं नाही. नागरी इशारा केंद्रांची गरज जगाला पटली त्यामागे ही टक्कर मोठं कारण आहे. अमेरिकेत २०१८ च्या धोरणाने ही जबाबदारी वाणिज्य खात्याकडे सोपवायचं ठरलं. युरोपात अनेक देशांचं सामाईक जाळं आहे. इस्रोचं आयएस४ओएम हे केंद्र जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत सुरू झालं.

मला तिन्हींत हे टेबल सर्वांत जवळचं वाटतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

काम असं चालतं. प्रत्येक चालू उपग्रहाची पुढच्या काही दिवसांची वाट सूचीतल्या सगळ्या वस्तूंशी ताडून पाहिली जाते. कुणी फार जवळून जाणार असेल तर त्याच्या मालकाला संदेश जातो: वेळ अमुक, अंतर तमुक, टक्कर होण्याची शक्यता इतकी. बरेच चालक १०,००० त १ ही शक्यता हलण्याची मर्यादा मानतात. दिवसागणिक नवी निरीक्षणं येतात, आकडा वरखाली होतो. बहुतेक वेळा तो विरून जातो.

इथे नवशिक्या हमखास एका गोष्टीत फसतो. शक्यता कमी आली म्हणजे धोका कमी, असं त्याला वाटतं. पण कक्षेतली अनिश्चितता फार मोठी असेल तर शक्यता इतक्या मोठ्या जागेत पसरते की आकडा आपोआप लहान दिसतो. म्हणजे लहान आकड्याचे दोन अर्थ असू शकतात: ‘सुरक्षित आहे’ किंवा ‘आपल्याला काही ठाऊक नाही’. या दोन्हींतला फरक ओळखणं हे या टेबलाचं खरं कसब. संख्याशास्त्र मनापासून आवडत असेल तर तुम्ही इथे रमाल; गणित केवळ निभावून नेत असाल तर इकडे वळू नका.

आता दुखरी बाजू. या टेबलाला सहसा कुणालाही हलवायचा अधिकार नसतो. २ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने आपला आयोलस उपग्रह एका स्टारलिंक उपग्रहाच्या वाटेतून बाजूला घेतला. टकरीची शक्यता मर्यादेच्या दहापट, म्हणजे १,००० त १ पर्यंत चढली होती. समोरच्या कंपनीशी आधी बोलणं झालं होतं, पण आकडा वाढल्याचे पुढचे निरोप त्यांच्या यंत्रणेतल्या एका दोषामुळे ड्यूटीवरच्या माणसापर्यंत पोचलेच नाहीत. दोन चालू उपग्रह समोरासमोर आले तर कुणी बाजूला व्हायचं, याचा सर्वांना बांधील असा नियम आजही नाही. तुमच्या हातात असतो फक्त फोन, मेल आणि तुमच्या आकड्यांची पत. ती पत कमवायला वर्षं जातात. मध्यरात्री तुम्ही केलेला फोन समोरचा उचलतो की नाही, हे त्याआधीचे शंभर इशारे किती नेमके होते यावर ठरतं.

शिवाय टळलेली टक्कर दिसत नाही. उपग्रह हलला, दोन्ही वस्तू आपापल्या वाटेने गेल्या; न हलवता काय झालं असतं ते कधीच कळणार नाही. कामाचं फळ डोळ्यांनी पाहायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. मला मात्र या कामाचा खरा मोठेपणा इथेच वाटतो.

परवान्याचं टेबल

या टेबलाचा पाया १९६७ चा बाह्य अवकाश करार. त्याच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपन्यांच्या अवकाशातल्या उद्योगांचीही जबाबदारी सरकारवर येते; सरकारने त्यांना परवानगी द्यायची आणि पुढेही सतत देखरेख ठेवायची. अमेरिकेत प्रक्षेपण आणि वातावरणात पुनःप्रवेशाचे परवाने विमान वाहतूक प्रशासन देतं, तर रेडिओलहरींच्या परवान्याबरोबर कचऱ्याबद्दलच्या अटी सुरुवातीला आलेलं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन घालतं. ब्रिटनमध्ये हे काम नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे आहे, भारतात इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे.

दिवस कार्यालयीन वेळेचा. अर्ज वाचायचे, उपग्रह कक्षेत किती वर्षं राहील याची कंपनीने दिलेली गणितं तपासायची, त्रुटी काढून परत पाठवायचे, इतर खात्यांची मतं मागवायची, टिपण लिहायचं. एक फाइल महिनोन्‌महिने चालते. सोबत वकील असतात आणि एकाच शब्दाचा अर्थ तुम्ही वेगळा लावता, ते वेगळा. वरून तुकडे पडून जमिनीवर कुणाला इजा होण्याची शक्यता मोजतानाही बऱ्याच नियमांत १०,००० त १ हाच आकडा येतो. टकरीच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही, पण बैठकीत दोन्ही सर्रास एक केले जातात.

कंटाळवाणं वाटतं? पण प्रभाव पाहा. खालच्या कक्षेतला उपग्रह काम संपल्यावर २५ वर्षांत खाली आणावा असा जुना संकेत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकी कमिशनने ती मुदत ५ वर्षांवर आणली. एका निर्णयाने पुढे जाणाऱ्या हजारो उपग्रहांचं आयुष्य बदललं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कमिशनने डिश कंपनीला १,५०,००० डॉलर दंड केला, कारण इकोस्टार-७ हा उपग्रह कबूल केल्याप्रमाणे भूस्थिर कक्षेच्या ३०० किलोमीटर वर न नेता इंधन संपल्याने सुमारे १२२ किलोमीटरवरच सोडला गेला. रक्कम किरकोळ होती, पण कचऱ्यासाठी या कमिशनने केलेला तो पहिलाच दंड होता.

इथली उणीव वेगळी आहे. तुम्ही वस्तू पाहत नाही, कागद पाहता. कधी रडारजवळ बसलेलाच नसलेला अधिकारी ‘माग काढता येईल’ या ओळीवर शेरा मारतो तेव्हा त्या ओळीमागे काय असतं याची त्याला कल्पना नसते.

(व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांचं बाह्य अवकाश कार्यालयही आहे, अवकाशात सोडलेल्या वस्तूंची नोंदवही तिथे असते. जागा फार थोड्या. कायदा किंवा परराष्ट्र सेवेतून आलेल्यांनीच पहिली नोकरी म्हणून तिचा विचार करावा.)

मग कुठे?

पगारावरून ठरवू नका, तो देशागणिक आणि श्रेणीगणिक बदलतो. पाळीवरून ठरवता येईल: पहिल्या दोन टेबलांना रात्र असते, तिसऱ्याला नसते. लहान मूल घरात असेल तर हा फरक सगळ्यात मोठा ठरतो आणि तो लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

नुकती पदवी हातात असेल, कक्षागणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग येत असेल आणि मौन झेपत असेल, तर आधी रडार. तीन-चार वर्षांनी तिथून इशाऱ्याच्या टेबलावर जाणं सोपं जातं, आणि तिथून परवान्याकडे. उलट्या दिशेने जाणारे थोडे. सुरक्षा चौकशी पुन्हा नव्याने व्हावी लागते आणि हातही गंजलेला असतो. मौन झेपणार नसेल तर थेट इशाऱ्याकडे या. तुम्ही वकील असाल, किंवा उपग्रह बनवण्यात दहा वर्षं घालवलेले अभियंते असाल, तर परवान्याच्या टेबलाला तुमची फार गरज आहे. कंपनी अर्जात कुठे हात आखडता घेते हे तुम्हाला आतून ठाऊक असतं. मात्र तिथे गेलात तर पहिल्या वर्षात महिनाभर तरी रडार केंद्रात किंवा इशारा केंद्रात बसू द्या, अशी मागणी नेमणुकीच्या वेळीच करा.

आणि मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतील तेव्हा हा विचारा: तुमच्या टेबलावरून गेलेलं म्हणणं कुणी मानलं नाही, तर पुढे नेमकं काय होतं? रडारच्या टेबलावर ‘ते आम्ही पाहत नाही’ असं सांगतील. इशाऱ्याच्या टेबलावर ‘पुन्हा फोन करतो’ असं म्हणतील. परवान्याच्या टेबलावर नियमाचं कलम दाखवतील. यातलं कुठलं उत्तर तुम्हाला दहा वर्षं देता येईल, तिथे अर्ज करा.