तोड्याची, गारेची की केपाची? जुनी बंदूक घेण्याआधी

‘शिवकालीन’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका बरेचदा पणजोबांच्याही काळाइतक्या जुन्या नसतात. विकणारा खोटंच बोलतो असं नाही. तोंडातून दारू ठासायची पद्धत काही शतकं चालली आणि कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आजही आहेत. तेव्हा नक्षी आणि चांदीचं काम राहू द्या बाजूला. आधी नळीच्या मागच्या टोकाला, बत्तीच्या भोकापाशी (जिथून आतल्या दारूला आग पोचते) काय आहे ते बघा.

भोकाशी नळीलाच जोडलेली रंजकाची (म्हणजे पेटवणीच्या दारूची) वाटी, तिच्यावर फिरतं झाकण, आणि दस्त्याच्या खाचेतून वर आलेला, जळता तोडा (वातीसारखी दोरी) धरणारा आकडा असेल तर ती तोड्याची. दिसायला सगळ्यांत देखणी, पण साल सांगायला सगळ्यांत अवघड. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीचा घाट सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत फारसा बदललाच नाही. नुसत्या आकारावरून ‘१६६०ची’ म्हणणाऱ्याकडून मी काही घेणार नाही. नळीवर शस्त्रागाराची खूण असेल तर गोष्ट वेगळी. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या बंदुकांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं दिसतात.

गारेच्या बंदुकीत उजव्या बाजूला लोखंडी पट्टी आणि तिच्यावर गार (ठिणगी पाडणारा चकमकीचा दगड) पकडणारा घोडा असतो. ईस्ट इंडिया कंपनीची ‘इंडिया पॅटर्न’ त्यातलीच: नळी ३९ इंची, भोक सुमारे पाऊण इंचाचं. १७९७मध्ये ब्रिटिश सैन्यानेही हाच नमुना घेतला. पट्टीवर बदामाच्या आकाराचं कंपनीचं चिन्ह असेल तर साधारण १८०८च्या आधीची, मुकुट धरलेला सिंह असेल तर नंतरची. बंदुकीच्या नळ्या तपासणारं बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३चं, त्यामुळे त्याचा ठसा नळीवर असेल तर चाचणी त्याआधीची असूच शकत नाही. नुसत्या ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रागाराचा छाप) या शब्दावर मात्र भाळू नका, त्याच्या नकला भरपूर झाल्या.

केपाच्या बंदुकीत वाटी नसते, तांब्याची केप (घोड्याचा ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी) बसवायचं निपल असतं. म्हणजे १८२०च्या दशकाआधीची नाही, पुढे मात्र कितीही अलीकडची. अपवाद एकच: गारेवरून केपावर बदललेली. पट्टीवर बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली तर नळी चांगलीच जुनी निघू शकते.

सोबतच्या सामानाचा दाखला लंगडाच. गज (दारू ठासायची सळई) तर सर्रास बदललेला असतो. कंपनीच्या बंदुकीसोबत नक्षीदार रंजकदाणी देऊ केली तर तो संच जुळवलेला समजा. तिथे शिपाई कागदी काडतूस दातांनी फाडून त्यातलीच दारू रंजकाला वापरत. दाणी हस्तिदंती असेल तर तिची खरेदी-विक्रीच बेकायदा आहे. गोळीचा साचा मात्र मोजून बघावा. गोळी नळीच्या भोकापेक्षा थोडी बारीक हवी. इंडिया पॅटर्नची सुमारे ०.६९ इंचाची असे.

हाताळण्याआधी एक गोष्ट कराच. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी काठी अलगद आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावा. टोक बत्तीच्या भोकाच्या बरंच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी अडकलंय. ती जुनी दारूही असू शकते. काढायच्या फंदात पडू नका, पोलिसांना कळवा.

खात्रीने साल सांगता येईल अशी एकच घ्यायची तर मी कंपनीची घेईन. घाटासाठी घ्यायची तर तोड्याची, पण ‘शिवकालीन’ या शब्दाचे वेगळे पैसे न देता. केपाची घरचीच असेल तर ठेवा, विकत घेण्यात राम नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुनाट किंवा पुराणमूल्याच्या बंदुकीला सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट द्यायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.