ओटा तोच, स्वयंपाकघर नवे: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

डोंबिवलीतल्या आमच्या पंचवीस वर्षे जुन्या फ्लॅटचे स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली जेवणाची खोली आम्ही नवरा-बायकोने बहुतांशी स्वतःच्या हाताने नवी केली. काम गेल्या फेब्रुवारीत संपले. त्यानंतर उन्हाळ्याची साठवण, खाडीकाठचा दमट पावसाळा, गणपतीतला पाहुण्यांचा स्वयंपाक आणि आता ऑक्टोबरची तलखी एवढे सगळे या दोन खोल्यांनी सोसले आहे, त्यामुळे कोणती वस्तू टिकली आणि कोणती नाही हे आता खात्रीने सांगता येते. मॉड्युलर किचनवाल्यांनी फक्त स्वयंपाकघराचेच अंदाजपत्रक साडेतीन लाखांच्या पुढचे दिले होते. आमचा दोन्ही खोल्यांचा मिळून खर्च, वायरमन आणि प्लंबरच्या मजुरीसह, एक लाख सत्तर हजारांच्या आसपास गेला. माझे मत असे झाले आहे की जिथे पाणी पोहोचते आणि जिथे दिवसातून अनेकदा हात जातो, तिथे एक रुपयाही वाचवू नये. बाकी ठिकाणी पुष्कळ वाचवता येते.

सर्वांत मोठी बचत तोडफोड न करण्यात झाली. आमचा ओटा कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर काळा ग्रॅनाइट बसवलेला, जुन्या पद्धतीचा आहे. ग्रॅनाइटला कुठे तडा नव्हता आणि ओट्याची उंची 33 इंच असल्यामुळे सासूबाईंना आणि मला दोघींनाही ती सोयीची होती. ओटा तोडला असता तर नवा दगड, गवंडीकाम, राडारोडा खाली उतरवून वाहून नेणे आणि नळांच्या जागा बदलणे असा खर्च वाढतच गेला असता. ग्रॅनाइट घासून स्वच्छ केला, भिंतीशी असलेल्या सांध्यातला जुना पांढरा सिमेंट खरवडून काढला आणि तिथे बुरशीरोधक सिलिकॉन भरला. जुन्या ओट्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनी आधी त्यावर हातोडीच्या दांड्याने टकटक करून पाहावे. आवाज भरीव येत असेल आणि दगड हलत नसेल, तर तो ठेवावा असेच मी सांगेन.

ओट्याखालच्या कामासाठी प्लायवुड निवडताना दुकानात बराच गोंधळ होतो, कारण ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द प्रत्येक फळीला लावला जातो. शब्दावर न जाता फळीवरचा शिक्का वाचावा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस 303 हे सर्वसाधारण प्लायचे मानक आहे आणि त्यातली एमआर, म्हणजे ओलावारोधक, प्रत फक्त हवेतला दमटपणा सहन करते, पाणी नाही. आयएस 710 हे मरीन प्लायचे मानक आहे आणि त्याच्या चाचणीत फळीचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहतात. आम्ही ओट्याखाली 18 मिलिमीटरचे 710 वापरले, भिंतीवरच्या कपाटांना एचडीएचएमआर (लाकडाच्या तंतूंचा दाट, ओलावारोधक) बोर्ड घेतला आणि जेवणाच्या खोलीतल्या बाकाला साधे एमआर प्लाय लावले. पावसाळ्यानंतर ओट्याखालचे एकही शटर फुगलेले किंवा वाकलेले नाही. एचडीएचएमआर बोर्डही चांगला टिकला आहे, पण तो प्लायपेक्षा जड असतो, त्यामुळे वरच्या कपाटांच्या मोठ्या शटरना दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावणे आवश्यक आहे.

सनमायका घरी चिकटवण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. आठ बाय चारच्या फळ्या कारखान्यात दोन्ही बाजूंनी सनमायका दाबून, मापाप्रमाणे कापून, चारही कडांना 2 मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी यंत्राने लावून आणल्या. आमच्या मते घरच्या घरी काम करणाऱ्याने हा खर्च आनंदाने करावा. बाहेरून 1 मिलिमीटरचा रंगीत आणि आतून पातळ पांढरा असा सनमायका दोन्ही बाजूंना असणे महत्त्वाचे आहे, कारण एकाच बाजूला असला की उघडी बाजू पावसात ओलावा पिते, झाकलेली पीत नाही, आणि शटर धनुष्यासारखे वाकते.

जुन्या ओट्याला नवी शटर बसवण्यातली खरी परीक्षा कडप्पा घेतो. कडप्प्याच्या दोन उभ्या फळ्यांमधले अंतर वर, मध्ये आणि खाली सारखे कधीच नसते. आमच्या एका गाळ्यात तर वर आणि खाली अर्ध्या इंचाचा फरक होता. प्रत्येक गाळा तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी माप धरले, त्या मापाची प्लायची चौकट गुण्यात तयार केली, ती ओळंब्यात उभी केली आणि मागे राहिलेल्या फटीत पातळ पट्ट्या ठोकून ती कडप्प्याला घट्ट केली. एकदा चौकट काटकोनात बसली की पुढचे सारे सोपे जाते. बिजागरीसाठी 35 मिलिमीटरचे गोल भोक शटरच्या कडेपासून मध्यापर्यंत साधारण 22 मिलिमीटरवर आणि सुमारे 12 मिलिमीटर खोल घ्यावे लागते. फळी 18 मिलिमीटरची असल्यामुळे खाली जेमतेम 6 मिलिमीटर उरतात, म्हणून ड्रिलच्या बिटवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. बिजागरी घेताना दुकानदार झिरो, आठ की सोळा क्रँक, म्हणजे बिजागरीच्या हाताला किती बाक हवा, असे विचारतो. शटर चौकटीची कड पूर्ण झाकणार असेल तर झिरो, एकाच कडेवर दोन शटर शेजारी येणार असतील तर आठ आणि शटर चौकटीच्या आत बसणार असेल तर सोळा. हे उत्तर तयार ठेवून गेले तर एकच फेरी पुरते.

हार्डवेअरवर आम्ही जवळजवळ पंचेचाळीस हजार रुपये घातले. हा एकूण खर्चाचा चौथा हिस्सा होतो आणि तो मला आजही योग्य वाटतो. सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्यांना मागेपुढे, डावीउजवीकडे आणि वरखाली सरकवण्याचे स्क्रू असतात. पावसाळ्यात दोन शटर एकमेकांना किंचित घासू लागली होती, तेव्हा स्क्रू पाव आटा फिरवताच ती सरळ झाली. साध्या बिजागरीत हे काम सुताराला बोलावून करावे लागले असते. धान्याच्या डब्यांचा सर्वांत खालचा ड्रॉवर दिवसातून अनेक वेळा उघडतो. त्यात तांदूळ, कणीक आणि डाळी मिळून बराच भार असतो, म्हणून त्याला 45 किलो क्षमतेचे बॉल-बेअरिंग चॅनेल लावले आहेत. सासूबाईंना पूर्वी डब्यासाठी गुडघ्यावर बसून कपाटाच्या तळाशी हात घालावा लागत असे. आता त्या उभ्याने ड्रॉवर ओढतात आणि वरून पाहून डबा उचलतात. एवढ्या एका बदलासाठीसुद्धा हा सारा खटाटोप करावा, असे मी मनापासून सांगेन.

भांड्यांच्या स्टीलच्या ट्रॉल्या घेताना एक गोष्ट नीट तपासावी. बाजारात 202 आणि 304 अशा दोन प्रतींच्या ट्रॉल्या मिळतात. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, त्यामुळे ओल्या भांड्यांच्या सततच्या संपर्कात ती लवकर गंजते. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे माल 304 आहे, असे दुकानात दाखवतात, पण या परीक्षेला अर्थ नाही, कारण चुंबक 202 लाही सहसा चिकटत नाही. आम्ही ताटांची आणि वाट्यांची ट्रॉली 304 ची, प्रत बिलावर लिहून घेऊन आणली. कोरड्या डब्यांसाठी मात्र 202 ची स्वस्त ट्रॉली घेतली. पहिलीच्या वेल्डिंगच्या सांध्यांवर अजून एकही तांबूस ठिपका नाही. दुसरीवर तळाच्या कोपऱ्यात एक-दोन दिसू लागले आहेत. तिथे पाणी येत नाही म्हणून काळजी वाटत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो.

सिंकखालच्या गाळ्याला आम्ही तळाची फळीच लावली नाही. खाली जुनी फरशी उघडी ठेवली, शटर फरशीपासून इंचभर वर घेतले आणि त्यात हवा खेळण्यासाठी जाळी बसवली. प्लंबरकडून जुना पन्हळी पाइप काढून बॉटल ट्रॅप (गटाराचा वास अडवणारी सिंकखालची बाटलीसारखी जोडणी) आणि नवे अँगल कॉक लावून घेतले. जुलैमध्ये एकदा ट्रॅपची चकती सैल होऊन पाणी ठिबकले, तेव्हा ते फरशीवर दिसले, पुसले आणि चकती आवळली. तिथे प्लायचा तळ असता तर कित्येक आठवडे कोणाच्या लक्षातही आले नसते.

भिंतींच्या बाबतीत निकाल संमिश्र आहे. शेगडीच्या मागे जुन्या टाइल्सवरच पॉलिमरयुक्त ॲडहेसिव्हने नव्या व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवल्या. त्याआधी प्रत्येक जुनी टाइल ठोकून पोकळ वाजते का ते पाहिले आणि पोकळ होत्या तेवढ्या काढून जागा भरून घेतली. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरले. सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असल्यामुळे फोडणीतली हळद आणि तेल त्यात मुरते. इपॉक्सीवर उडालेली हळद साबणाच्या फडक्याने निघते आणि आजही त्या रेघा पहिल्या दिवसाइतक्या स्वच्छ आहेत. मात्र मिसळल्यावर ते लवकर घट्ट होऊ लागते, म्हणून थोडे थोडे मिसळावे आणि टाइलवरचा चिकट थर लगेच पुसावा. वाळल्यावर तो काढणे फार कष्टाचे असते.

बाकीच्या जुन्या टाइल्सवर आम्ही दोन घटकांचा इपॉक्सी रंग दिला. त्याआधी त्या धुण्याच्या सोड्याने धुऊन तेलकटपणा काढला आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारली. कोरड्या भिंतीवर हा रंग उत्तम बसला आहे आणि खर्चाच्या मानाने त्याने खोलीचे रूप पालटले. सिंकच्या शेजारी मात्र पावसाळ्याच्या मध्यापासून तो कडेने सुटू लागला. तयारी सगळीकडे सारखीच होती, फरक फक्त पाण्याचा आहे. टाइलमधल्या जुन्या सिमेंटच्या सांध्यांतून ओलावा आत शिरतो आणि रंगाच्या पापुद्र्याला मागून ढकलतो. टाइलवरचा रंग ही सिंकजवळ वापरण्याची वस्तू नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेच्या आणि गॅसच्या कामाला आम्ही हात लावला नाही आणि कोणी लावू नये. परवानाधारक वायरमनकडून ओव्हनसाठी 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर 16 ॲम्पिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि मुख्य बोर्डात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला. वरच्या कपाटांखालची एलईडी पट्टी ॲल्युमिनियमच्या पट्टीत, दुधी झाकणासह लावली आहे. भाजी चिरताना स्वतःची सावली हातावर पडत नाही, हा तिचा मोठा फायदा.

जेवणाच्या खोलीत पैसा कमी आणि श्रम जास्त लागले. टेबलाची फळी म्हणजे आमच्या गावच्या घराच्या दुरुस्तीत निघालेले सागवानी दार आहे. त्यातले खिळे एकेक करून उपटले, भोकांत सागाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरले, रंधा मारला आणि पॉलिश पेपर जाडापासून बारीकपर्यंत क्रमाने फिरवला. वर मेलामाइन पॉलिशऐवजी पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) थर दिले, कारण पाणी आणि उष्णता यांच्यापुढे पीयू अधिक टिकते. शेवटच्या थरानंतर आठवडाभर त्यावर काहीही ठेवले नाही. थर हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला तेवढा वेळ लागतो. ताकाचे, आमटीचे, सोलकढीचे डाग पुसले की निघतात. कुकर मात्र थेट ठेवू नये. एकदा ठेवला गेला तिथे पांढरट कडे उमटले आणि ते फिकट झाले असले तरी गेलेले नाही. टेबल 30 इंच उंच, बाक 18 इंच उंच आणि माणशी दोन फूट जागा हे माप सर्वांना सोयीचे पडले आहे.

बाकाच्या पोटात साठवणीची जागा केली आहे. बाहेरच्या भिंतीपासून तो इंचभर लांब ठेवला आणि मागच्या फळीला भोके पाडली, तरीही ऑगस्टमध्ये आत कोंदट वास येऊ लागला होता. त्यामुळे पापड-कुरडयांचे डबे तिथून हलवून वरच्या कपाटात नेले आणि बाकात आता जादाची भांडी, पाट आणि सणाची ताटे असतात. अन्न ठेवायचे असेल तर बाक आतल्या भिंतीशी असावा. शिवाय त्याचे झाकण उघडण्यासाठी बसलेल्यांना उठावे लागते, म्हणून रोज लागणारी वस्तू तिथे ठेवण्यात अर्थ नाही.

दिवाळी झाली की सिंकशेजारचा सुटलेला रंग खरवडून तिथेही शेगडीमागे लावल्या तशाच टाइल्स चिकटवायच्या आहेत. त्या पहिल्या खोक्यांतल्या उरलेल्या आहेत, त्यामुळे खर्च ॲडहेसिव्हची एक पिशवी आणि इपॉक्सी ग्राउटचा एक डबा एवढाच येईल.